सराफ्यातला दुसरा पल्ला

मला एक जबलपूर ठाऊक आहे, जे तुमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल. त्यात घरं नाहीत, दुकानांच्या पाट्या नाहीत, माणसंसुद्धा नाहीत. नुसते ठिपके आहेत. हिरवे, पिवळे, लाल. हिरव्यातून चालताना पायांना गार लागल्यासारखं वाटतं. लालमध्ये शिरलं की कोणीतरी मागून येऊन कानांवर हात ठेवल्यासारखं. आता नोकरी सुटली, म्हणजे गुडघ्यांनीच सोडवली, तरी दुपारी जरा डोळा लागला की मी त्याच गावात चालून राहिलेली असते. खांद्याला पिशवी, पिशवीत तीन फोन. आमचे हे म्हणतात, "झोपेत पाय हलवतेस तू." हलवणारच. काम चालू असतं बाप्पा.

काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई कोड्यात बोलून राहिली. कंपनीनं नवं, वेगाचं नेट आणलं. फाइव्ह-जी. जाहिरातीत ते अख्ख्या शहरावर चांदणं पसरावं तसं आलं. खरं आलं ते रंगपंचमीच्या रंगासारखं. ही भिंत चिंब, शेजारची कोरडी ठणठणीत. हॉटेलाच्या गच्चीवर अँटेना लागली म्हणून हॉटेलासमोरचा चहावाला सिनेमा पाहतो, आणि हॉटेलामागच्या शाळेत मास्तर खिडकीबाहेर फोन धरून उभे. तर कुठे आलं, कुठे नाही आलं, आणि आलं म्हणतात तिथे खरंच आलं का, हे बघायला कंपनीची गाडी फिरते. गाडीत लॅपटॉप आणि फोन. त्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. जिथे गाडी शिरत नाही तिथे माणूस चालतो. तो माणूस म्हणजे मी.

कांचघर मोहल्ल्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं रिचार्जचं छोटं काउंटर होतं. शिक्षण नववीपर्यंत. पण सिम चालू करणं, फोनमध्ये अडकलेलं काही सोडवणं, हे स्वेटरचा टाका शिकावा तसं करता करता येत गेलं. कंपनीचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे अभय नावाचा इंजिनिअर होता. टेस्टची सिमं तो माझ्याकडूनच भरून न्यायचा. एक दिवस तोंड पाडून आला. सराफ्यात त्याच्या माणसांना लोकांनी धरून बसवलं होतं. अहो, धरणार नाहीत तर काय? सोन्याच्या गल्लीत दोन अनोळखी पोरं येतात, हातात तीन तीन फोन, दर दुकानासमोर थांबतात, वर पाहतात, खाली पाहतात, पुढे सरकतात. तुम्ही काय समजाल?

"आंटी, आप चलोगी?" अभय म्हणाला.

"मी काहून?"

"आप पे कौन शक करेगा?"

हा मान झाला की अपमान, ते मला आजपर्यंत ठरवता आलं नाही. पण चपला घातल्या आणि गेली.

तीन फोन कशाला, सांगते. एक फक्त नवं नेट पकडायचा, दुसरा फक्त जुनं, आणि तिसरा तुमच्या-आमच्यासारखा, जे मिळेल त्यावर समाधानी. तिघंही सारखी एक मोठी फाइल ओढायचे आणि टाकून द्यायचे. विहिरीतून बादली काढायची, किती भरली ते पाहायचं, ओतून द्यायची, पुन्हा सोडायची. दर काही पावलांवर नकाशात एक ठिपका पडायचा. भरली बादली हिरवी, अर्धी पिवळी, रिकामी लाल. दिवसभर मी शहरातून पाणी काढत आणि ओतत चालायची.

पहिल्या दिवशी सरावाला म्हणून घराजवळच फिरली, तर अख्खं कांचघर लाल आलं. अभय घाबरला. मग त्यानं माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "आंटी, ये डब्बे में क्या है?"

"पोळी-भाजी."

"स्टील का है?"

"मग काय चांदीचा असेल?"

तेव्हा मला त्यानं शिकवलं. जुनी लाट म्हशीसारखी असते. भिंत असो, गर्दी असो, ती आपली रेटत आत येते. नवी लाट हरणासारखी. वेग भारी, पण समोर आडवं काही आलं की बिचकली. लोखंड-स्टीलला तर हमखास. डबा वेगळ्या पिशवीत गेला आणि कांचघर पुष्कळसं हिरवं झालं. आणखी एक शिकवलं, ते तुम्हालाही उपयोगी आहे. फोनच्या कोपऱ्यात फाइव्ह-जी लिहून येतं ना, त्यावर जाऊ नका. ती दुकानाची पाटी आहे. पाटी असली म्हणजे आत माल आहेच असं नाही.

लोक काय एकेक भेटायचे! एका काकूंचं म्हणणं, टॉवरमुळे त्यांचा कढीपत्ता वाळला. मी कुंडीत बोट घालून पाहिलं. म्हटलं, ताई, टॉवर सोडा, याला पाणी कोणी घातलंय का? शहराबाहेर कुंडमकडे गेली तर एका गावात टॉवर उभा होता, पण त्याच्यापर्यंत तार यायची होती. नवरदेव घोड्यावर आणि वरातीचा पत्ता नाही. तिथे लोकांनी आपली सोय केली होती. एका मोहाच्या झाडाच्या एकाच फांदीवर कुठूनतरी नेट यायचं. त्या फांदीला कापडाच्या लहान लहान पिशव्या टांगलेल्या आणि प्रत्येकीत कोणाचा ना कोणाचा फोन. वारा आला की पिशव्या हलायच्या, मधूनच एखादी वाजायची, मग खालून कोणीतरी उठून आपलं फळ तोडावं तसा फोन काढायचं. मी त्या झाडाखाली बराच वेळ बसून राहिली. नकाशात फांदीसाठी ठिपका नसतो. त्या गावाचा रंग मी लाल देऊन आली, आणि झाड मात्र सोबत घेऊन आली. अजून कधी कधी स्वप्नात वाजतं.

पण मला सांगायचं आहे ते यमुनाबाईचं.

सराफ्याच्या चौकात एक पानाची टपरी आहे. एका दुपारी तिथे गर्दी दिसली. मला वाटलं भांडण. पाहते तर एक बाई, माझ्याहून थोडी लहान, चुन्याच्या डब्याला फोन टेकवून उभी आणि फोनसमोर तिचे हात चाललेले. असे हात मी कधी पाहिले नव्हते. बोटं उघडायची, मिटायची, मनगट वळायचं, मधेच गालाला स्पर्श करून हात पुढे जायचा. फोनमध्ये एक मुलगी, तिचेही हात तसेच. आवाज कोणाचाच नाही. भोवती सात-आठ रिकामटेकडे. एकानं तिची नक्कल केली, बाकीचे हसले. बाईला ऐकू नाही आलं, पण दिसलं. तिनं हात पदराखाली घेतले. बोलता बोलता कोणी तोंडावर हात ठेवावा, तसं झालं ते.

मी त्या नक्कल करणाऱ्याला म्हटलं, "काय रे भैया, तुझ्या आईच्या फोनवरही असाच कान लावतोस का?" तो निघून गेला. बाकीचे आपापल्या पानात गुंतले. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

यमुनाबाई जन्मापासून ऐकत नाही, बोलत नाही. माहेर वर्ध्याकडचं, शाळेत कोणी घातलं नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. सराफ्याच्या आतल्या बोळात एका खोलीत राहते आणि मंगळसूत्रं, पोत ओवते. त्या गल्लीतल्या निम्म्या मंगळसूत्रांत तिच्या हातचा दोरा असेल. नवरा गेला. एक लेक, रेखा. रेखा ऐकते, बोलते, सगळं व्यवस्थित. पण आईशी बोलायला त्या दोघींनी रेखाच्या लहानपणापासून हातांची एक भाषा तयार केली. ती कुठल्या शाळेतली नाही. मीठ कसं म्हणायचं, राग कसा म्हणायचा, शेजारच्या काकूला काय म्हणायचं, सगळं त्या दोघींनी आपसात ठरवलेलं. जगात ही भाषा बोलणारी माणसं दोन. त्यातलं एक लग्न होऊन सुरतला गेलं.

हे मला रेखानंच फोनवर सांगितलं, नंतर. आणि हेही सांगितलं, की ती पोटुशी आहे, पहिलटकरीण, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, त्यामुळे माहेरी येता येत नाही. आणि आईला तिकडे जाता येत नाही, कारण इकडे खोलीत आईची सासू अंथरुणाला खिळलेली. "काकू, आईले माझ्याशी लय बोलायचं असते. पण चौकात उभं राहून असं कसं बोलणार? पोटाचं, अंगावरचं, बाळंतपणाचं. आमची भाषा तर सगळ्यांना दिसते ना!"

मी कधी असा विचारच केला नव्हता. आपण कोपऱ्यात जाऊन हळू बोलतो, झालं. हातांना हळू बोलता येत नाही.

घरून का नाही बोलत, तर घरात चित्र अडकायचं. जुन्या नेटवर सगळा बाजार लटकलेला. रेखाचा हात वर गेला की वरच राहायचा, आणि खाली आला तोपर्यंत मधली चार वाक्यं गेलेली. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं, तेच. वायफायची तार आणावी तर घरमालक भिंतीला भोक पाडू देईना. नवं नेट चौकातल्या इमारतीवरून मोठ्या गल्लीत सरळ यायचं आणि यमुनाबाईच्या बोळाच्या तोंडाशी येऊन थबकायचं. हरिण ते.

अभयला म्हटलं, त्या बोळात एक लहान अँटेना लावा. तो म्हणाला, "आंटी, मैं लिख दूँगा. पर एक गली के लिए कौन लगाएगा?" खोटं नव्हता बोलत. लिहिलं त्यानं. वर गेलं, आणि वर म्हणजे कुठे ते आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता गंमत पाहा. मी अधूनमधून त्या बोळातून जायची आणि दर वेळी ठिपका वेगळा. एकदा यमुनाबाईच्या खिडकीखाली हिरवागार. दोन दिवसांनी लाल. परत हिरवा. अभय म्हणाला फोन बिघडला. फोन बदलला. तरी तेच. मग म्हणाला, "कहीं से टकरा के आ रहा है. जैसे आईने से धूप आती है ना, वैसे. वो आईना कभी है, कभी नहीं है."

मला हे फार आवडलं. लहानपणी आम्ही आरशानं कवडसा पाडायचो आणि समोरच्या घरातल्या झोपलेल्या आजोबांच्या नाकावर नाचवायचो. तसं कोणीतरी या बोळात नेटचा कवडसा पाडून राहिलं होतं आणि मनात आलं की आरसा उचलून नेत होतं. मी त्या माणसाला शोधायला बसली.

बसली म्हणजे खरंच बसली. यमुनाबाईच्या खिडकीत. ती खाली बसून काळे मणी ओवायची, कोपऱ्यात सासूबाई घोरायच्या, आणि मी फोन मांडीवर घेऊन बोळ बघत राहायची. त्या सकाळी अशा मऊ होत्या की काय सांगू! ऊन भिंतीवरून उतरायचं. कुठेतरी सोनाराची लहान हातोडी चालायची, टिक टिक, आणि ते ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. यमुनाबाईला ती हातोडी ऐकू यायची नाही, पण तिची बोटं बरोबर त्याच ठेक्यात चालायची. कशी, देव जाणे. चहा झाला की ती मला बोटानं गुडघ्यावर टोचून उठवायची.

अशाच एका पेंगेतून मला जागं केलं ते फोननं. लाल, लाल, लाल, आणि एकदम हिरवा. मी दचकून बाहेर पाहिलं. बोळाच्या तोंडाशी, कोपऱ्यावर गोकुळ सेठचं दुकान. जुन्या चालीचं, जाड लोखंडी पत्र्याचं दोन पल्ल्यांचं दार. त्यांचा नोकर दुसरा पल्ला बाहेर ढकलून उघडत होता. पल्ला अर्धवट वळून बोळाकडे तिरपा उभा राहिला. आणि माझ्या मांडीवर हिरवं.

सापडला आरसा! माझ्या डब्याला बिचकणारं हरिण इथे पत्र्यावर आपटून बोळात वळत होतं.

मी गेली सेठकडे. सत्तरीचा माणूस, गादीवर लोड घेऊन बसलेला, चेहरा असा की हसला तर पैसे पडतील. पल्ल्याचं आणि नेटचं सांगितलं आणि विचारलं, दुसरा पल्ला कधी उघडता? त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बोहनी के बाद."

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आपल्याकडे भवानी म्हणतात ती. सेठच्या बापापासूनची पद्धत. सकाळी एकच पल्ला उघडायचा. पहिलं गिऱ्हाईक झालं की मग दुसरा. लक्ष्मीला आधी वाट दाखवायची, मग दार मोकळं करायचं, असं काहीतरी. ज्या दिवशी गिऱ्हाईक लवकर आलं त्या दिवशी यमुनाबाईच्या खोलीत सकाळीच नेट. ज्या दिवशी नाही आलं, त्या दिवशी दिवसभर लाल. एवढी मोठी कंपनी, एवढे टॉवर, आणि सगळं येऊन अडलं होतं गोकुळ सेठच्या बोहनीवर.

अभयला सांगितलं तर तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग गंभीर होऊन म्हणाला, "रिमार्क में क्या लिखूँ?" मी म्हटलं, लिही की बोहनी झाल्यावर येते. लिहिलं नाही त्यानं, पण मला वाटतं, लिहायला हवं होतं.

यमुनाबाईला सगळं नीट कळलं. मी पल्ला दाखवला, फोन दाखवला, तिनं एका क्षणात जोडलं. त्यानंतर रोज ती खिडकीतून दुकानाकडे डोळा ठेवून ओवायची. दुसरा पल्ला हलला की मणी बाजूला, दार आतून बंद, आणि फोन. मी एकदा बाहेरच्या पायरीवर बसली असताना आतून तिच्या बांगड्या वाजत होत्या. बराच वेळ वाजल्या. ते तिचं हळू बोलणं.

मग पितृपक्ष लागला.

तुम्हाला सांगायला नको, पितृपक्षात सोनं-चांदी कोण घेणार? सराफ्यात सगळीकडे शुकशुकाट. सोनार जांभया देतात, कारागीर गावी जातात. गोकुळ सेठ नेमानं एक पल्ला उघडून बसायचा आणि संध्याकाळी तो एकच लावून घरी जायचा. बोहनी नाही, पल्ला नाही. आणि रेखाचे दिवस भरत आलेले.

त्या सकाळी मी मोठ्या गल्लीत पुन्हा-तपासणीला होती. यमुनाबाई धावत आली आणि माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातात फोन, त्यात जावयाचं अडकलेलं तोंड. तिनं पोटावर हात फिरवला. मी समजली. दोघी चौकात आलो, टपरीजवळ. फोन लागला, चित्र स्वच्छ. नर्सिंग होममधला पलंग, रेखा त्यावर, केस चिकटलेले, कळा सुरू. आईला पाहिलं आणि तिचे हात उठले. तोच कोणीतरी म्हणालं, "अरे, गूँगी का फोन आ गया," आणि चार जण वळले.

यमुनाबाईनं फोन छातीशी धरला. स्क्रीन आत.

मी तिला खूण केली, बोल, बोल. तिनं मान हलवली. ठाम. स्वतःची नक्कल तिनं सोसली होती. पण या अवस्थेतली लेक ती टपरीवर मांडणार नव्हती. आणि तिकडे फोनमधून, तिच्या पदरातून, रेखाचा आवाज येत होता. "आई! आई!" ज्या बाईनं तो आवाज जन्मात कधी ऐकला नाही तिच्याच छातीवर.

जावयाचा आवाज आला, "काकू, ती कोणाचं ऐकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात श्वास धर, ती रडून राहिली. आईले दाखवा ना!"

मी या गुडघ्यांनी कशी पळाली, मला माहीत नाही. यमुनाबाई खोलीत, मी सेठच्या दुकानात.

"सेठजी, दूसरा पल्ला खोल दो."

"बोहनी नहीं हुई, दीदी."

"लेकीचं बाळंतपण चालू आहे तिकडे! यमुना की बेटी का!"

तो उठून बसला. खरंच बसला, लोड सोडून. तोंडावर काळजी दिसली. पण हात जागचे हलले नाहीत. "पिताजी की बाँधी हुई रीत है. उनके ही दिन चल रहे हैं. आज ही तोड़ूँ?"

त्याचंही खोटं नव्हतं. वडिलांच्या पक्षात वडिलांचाच शिरस्ता कसा मोडायचा?

"बरं, बोहनी करते. काहीतरी द्या."

"पितर में बेचूँगा? आप पितर में लोगी?"

मीही थबकली. बाळ अजून यायचं, आणि मी पितृपक्षात चांदी घेऊन घरी जाऊ? मन घेईना. मग मला सुचलं. "मरम्मत करता ना?"

"मरम्मत में दोष नहीं."

"आणि तिची बोहनी होते?"

त्यानं पेटीकडे पाहिलं. "होती है."

माझ्या कानात आईच्या मोत्याच्या कुड्या होत्या. मी डाव्या कानातली काढली, बोटांत धरली आणि एक मोती उपटला. तिथेच, गादीसमोर. आणि दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

सेठनं तुकड्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "दीदी, ये तो अभी टूटा है."

"हो, आत्ताच. तुमच्यासमोर. लवकर करा."

त्यानं चष्मा नीट केला, चिमटा घेतला, मोती जागेवर धरून तार दाबली. दोन दाबांत काम झालं. वाकडा बसला, पण बसला. मी रुपयाचं नाणं ठेवलं. त्यानं ते कपाळाला लावलं, पेटीत टाकलं, आणि नोकराला हाकसुद्धा न मारता स्वतः उठला. दुसऱ्या पल्ल्याचा आडणा काढला.

पल्ला उघडला. माझ्या पिशवीतला फोन हिरवा झाला. मग लाल. परत हिरवा. वारा होता. नोकर पल्ल्याला वीट लावायचा, ती वीट त्या दिवशी सापडेना. तेव्हा गोकुळ सेठ उन्हात उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी पल्ला धरला.

"थोडा उधर," मी बोळात यमुनाबाईच्या खिडकीखाली उभी राहून सांगायची. "बस. हलू नका."

समोरचा सोनार ओरडला, "काए सेठजी, दरवाजा बेच रहे हो का?"

"हवा ले रहा हूँ," सेठ म्हणाला. "अपना काम करो."

खोलीत यमुनाबाई फोनसमोर बसली होती. मी दाराशी पाठ फिरवून उभी राहणार होती, पण तिनंच मला हातानं आत घेतलं. फोनमध्ये रेखाचे हात काहीतरी भराभर म्हणत होते, तुटक. यमुनाबाईनं तिला पूर्ण म्हणू दिलं. मग स्वतःचा एक हात वर घेतला, तळवा खाली, पाण्यावर ठेवावा तसा. हात हळूच वर गेला. थांबला. हळूच खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. त्या भाषेतला एवढाच एक शब्द मला कोणी न शिकवता कळला. रेखाची छाती त्या हातासोबत वर-खाली होऊ लागली. माझीही झाली. दारातून पाहिलं तर बोळाच्या टोकाला पल्ला धरलेला सेठ, त्याचे खांदेही तसेच हलताना दिसले. तो दमला असेल. पण मला त्या वेळी असं वाटलं, की सगळा सराफा एका हाताच्या तालावर श्वास घेऊन राहिला आहे, आणि माझ्या पिशवीतले तिघं खुळे बादल्यांवर बादल्या काढताहेत, सगळ्या भरलेल्या.

रेखाला आत नेईपर्यंत फोन चालू होता. चित्र एकदाही अडकलं नाही.

मुलगी झाली. यमुनाबाईनं बोळभर हातानं सांगितलं, आणि त्या दिवशी कोणी नक्कल केली नाही. निदान मला तरी दिसली नाही.

पुढे त्या बोळात विजेच्या खांबावर लहानशी अँटेना लागली. अभयच्या लिहिण्यानं की बाजारवाल्यांच्या तक्रारीनं, मला माहीत नाही. बोळ आता सकाळ-संध्याकाळ हिरवा. अभय दुसऱ्या शहरात गेला. चालणारी माणसंही आता फारशी लागत नाहीत. तुमच्या-तुमच्या खिशातले फोनच कंपनीला सांगतात म्हणे, कुठे आहे, कुठे नाही. बरंच आहे ते. फक्त कुंडमच्या त्या फांदीबद्दल कोण सांगणार, ही मला हुरहुर आहे. तिथली तार पोचली का, मी पुन्हा गेली नाही. पल्ला मात्र गोकुळ सेठ अजून बोहनीनंतरच उघडतो. सकाळी सकाळी यमुनाबाई जाते, दोऱ्याचं एक रीळ घेते आणि रुपया ठेवते. कशाला, आता तर नेट असतंच, असं मी विचारलं. सेठ म्हणाला, "इनके हाथ की बोहनी अच्छी जाती है." असेल.

परवा मी तिच्याकडे गेली होती. फोन लागलेला होता. रेखाच्या मांडीवर तिची मुलगी, आता बसायला लागलेली. आजीचे हात चालले की तिचेही हात उडतात, आपल्या बाळबोलीत काहीबाही म्हणतात. रेखा म्हणाली, "काकू, तुम्हाले माहीत आहे का, आईनं तुमचं नाव काय ठेवलंय?" मला वाटलं, पिशवी असेल, नाहीतर तीन फोन. यमुनाबाई हसली. तिनं आपला डावा कान चिमटीत धरला आणि हलकेच ओढला. मोती उपटल्यासारखा.

मी पडद्यासमोर वाकली. पोरीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग तिची लहानशी मूठ उठली, डाव्या कानाशी गेली, आणि तिनं कान ओढला.

घरी येऊन यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पोरांना झोप आली की ती कान ओढतातच."

ओढत असतील. मी वाद नाही घातला. कुडी काढून डबीत ठेवताना तो वाकडा मोती नीट करून घ्यावा असं पुन्हा एकदा मनात आलं, आणि पुन्हा राहू दिला. ज्या भाषेत आता तीन माणसं बोलतात, तिच्यात माझं नाव तसंच आहे, जरासं वाकडं.